गाडी कुणाची?



लोणच्याच्या बरण्या, लोकरीच्या कपड्यांची निगा, उरलेल्या भाताचे प्रकार यांवर आपण नेहमीच बोलतो. आज मी तुम्हाला चक्क सुतारकाम सांगणार आहे. दचकू नका! रंधा-पटाशी हाती घ्यायची नाही. आठ-नऊ वर्षांचं मूल जे करू शकतं तेवढंच, आणि तेही आपण करायचं नाही, त्यानंच करायचं. आपण जवळ बसायचं. हे जवळ बसणं किती अवघड असतं, ते सांगण्यासाठीच खरं तर आजचा लेख.

२०२५च्या जानेवारीत मी न्यू जर्सीत मुलाकडे होते. बाहेर गुडघाभर बर्फ, घरात आम्ही चौघं. नातू तिसरीत. तो तिथल्या ‘कब स्काऊट’मध्ये जातो. आपल्याकडे शाळेत कब-बुलबुल असतात ना, त्याच जातीचं हे. पण तिथं ते शाळेचं नसून आसपासच्या घरांतल्या मुलांचं मिळून असतं आणि आईवडीलच ते चालवतात. २०१८ पासून मुलींनाही त्यात घेतात. मी तिथे असतानाच, ८ फेब्रुवारीपासून, ‘बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका’ हे संस्थेचं जुनं नाव जाऊन ‘स्काऊटिंग अमेरिका’ असं झालं.

एका संध्याकाळी पोरगं एक छोटा खोका घेऊन नाचतच घरात आलं. खोक्यात काय? पाइनच्या लाकडाचा एक ठोकळा, प्लॅस्टिकची चार चाकं आणि चार खिळे. बस्स! “आजी, याची गाडी करायची. रेस आहे!”

मी ठोकळा हातात घेऊन पाहिला. सात इंच लांब, पावणेदोन इंच रुंद, सव्वा इंच जाड. खालच्या बाजूला खिळे बसवायला दोन खाचा. एवढ्या भांडवलावर महिनाभर घरात काय रामायण झालं म्हणता!

एका बापाची युक्ती

ही शर्यत तिथे ‘पाइनवुड डर्बी’ म्हणून घरोघर ठाऊक आहे. तिची सुरुवात मोठी गोड आहे. कॅलिफोर्नियात मॅनहॅटन बीच नावाचं गाव आहे. तिथल्या कब मुलांचे प्रमुख होते डॉन मर्फी. नोकरी विमानाच्या कारखान्यात. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाला ‘सोप बॉक्स डर्बी’त भाग घ्यायचा होता. ही दुसरी शर्यत. तिच्यात मुलं स्वतः बनवलेल्या मोठ्या गाडीत बसून उतारावरून खाली येतात. १९३४ पासून ती भरते. पण दहा वर्षांच्या मुलाला तिच्यात घेत नसत, वय कमी पडे. पोरगं हिरमुसलं.

आपण काय म्हटलं असतं? “मोठा झालास की जा.” मर्फींनी तसं म्हटलं नाही. मोठी गाडी नाही तर छोटी, असं म्हणून त्यांनी बोटभर उंचीच्या गाड्यांची शर्यत काढली. ज्या कंपनीत ते नोकरीला होते तिथल्या मंडळींच्या क्लबानं खर्च उचलला. लाकूड, चाकं आणि खिळे पिशवीत घालून मुलांना दिले. १५ मे १९५३ रोजी पहिली शर्यत झाली. पुढल्याच वर्षी स्काऊटांच्या मासिकात तिची माहिती छापून आली आणि ती देशभर झाली. वडील आणि मुलगा यांनी एका टेबलाशी बसून काहीतरी करावं, एवढाच त्यातला हेतू.

गाडीला इंजिन नाही, बॅटरी नाही, ढकलायचंसुद्धा नाही. उतरत्या फळीवर वरती ठेवायची, पुढली खुंटी पडली की आपोआप घसरत खाली येते. पहिली येईल ती जिंकली.

पाचर की एसटी?

चिरंजीव माझे इंजिनीअर. त्यांनी त्याच रात्री कागद काढला, फूटपट्टी काढली आणि गाडीचं चित्र काढलं. पुढून निमुळती, मागे जाड. आपण दाराला लावतो ना लाकडाची पाचर, अगदी तशी. म्हणाले, “हीच सगळ्यांत वेगात जाते. उद्या मित्राच्या मशीनवर कापून आणतो.”

नातू म्हणाला, “मला एसटी करायची आहे.”

मे महिन्यात तो भारतात आला होता तेव्हा आम्ही पुण्याहून साताऱ्याला लाल एसटीनं गेलो होतो. त्याला कंडक्टरकाकांचा चिमटा, खिडकीचा खडखडाट आणि घाटातली वळणं फार आवडली होती. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, गेली, ही गोष्टही मी त्याला वाटेत सांगितली होती. ती त्याच्या डोक्यात पक्की बसली होती.

“अरे, एसटी म्हणजे नुसतं खोकं. वारा अडतो तिला.”

“पण मला एसटीच करायची आहे.”

“बरं बरं, बघू.” आणि हे ‘बघू’ म्हणजे काय, ते प्रत्येक घरात ठाऊक असतं.

दुसऱ्या दिवशी रात्री पाणी प्यायला उठले, तर स्वयंपाकघरात दिवा. चिरंजीव ठोकळ्यावर पेन्सिलीनं पाचरीच्या रेघा मारत बसलेले. नातू वर झोपलेला. मी दारातच उभी राहिले आणि, खोटं कशाला सांगू, माझ्या पोटात कसंसंच झालं. कारण तिथे मला माझा मुलगा दिसत नव्हता. मीच दिसत होते.

लवंगांचा दरवाजा

१९९२ साली हाच मुलगा चौथीत होता. शाळेत हस्तकलेचं प्रदर्शन होतं. त्यानं शनिवारवाडा करायला घेतला, पुठ्ठ्याचा. त्याच्या हातानं भिंती वाकड्या चिकटायच्या, डिंक बाहेर यायचा. मला ते बघवेना. “दे इकडे, तुला नाही जमायचं,” म्हणून मी हातातून घेतला आणि दोन रात्री जागून पुरा केला. दिल्ली दरवाजाला टोकदार खिळे असतात ना, त्यांच्या जागी लवंगा टोचल्या. काय सुरेख दिसत होता म्हणून सांगू! पहिलं बक्षीस मिळालं. छोटासा कप. मी तो शेजारणींना दाखवला, माहेरी पत्रानं कळवलं.

आठ दिवसांत कप शोकेसमधून नाहीसा झाला. मला वाटलं, कामवाल्या बाईकडून कुठे पडला असेल. बिचारीला एक-दोनदा विचारलंही. काही वर्षांनी घर बदललं तेव्हा कप सापडला, पलंगाखालच्या ट्रंकेच्या मागे, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला. मी हसून म्हटलं, उंदरांनी नेला वाटतं.

त्या रात्री मी खुर्ची ओढून मुलासमोर बसले आणि विचारलं, “तो शनिवारवाड्याचा कप तूच लपवला होतास ना रे?”

पेन्सिल खाली ठेवून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “प्रदर्शनात बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, दाराला ही टोकं कशाची केलीस? आई, मला माहीतच नव्हतं. मी म्हटलं, खिळ्यांची. बाईंनी वास घेऊन पाहिला आणि त्या हसल्या. पोरंही हसली. तरी बक्षीस मलाच दिलं. नंतर तो कप बघितला की मला ते हसणंच आठवायचं.”

तेहेतीस वर्षं झाली, मैत्रिणींनो. तेहेतीस वर्षं मी ती लवंगांची गोष्ट कौतुकानं सांगत आले होते.

मी त्याला एवढंच म्हटलं, “चुकलं माझं.” आईनं मुलाला असं म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. जीभ जड होते. पण म्हटलं. तो काही बोलला नाही. उठला, खोडरबर घेतलं आणि ठोकळ्यावरच्या पाचरीच्या रेघा पुसून टाकल्या.

सकाळी सूनबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी फार छान तोड काढली. नवऱ्याला म्हणाल्या, “अरे, मोठ्यांची वेगळी शर्यत असते की शेवटी! दुसरा ठोकळा आण आणि तुझी पाचर तू कर. त्याची एसटी त्याला करू दे.” पुष्कळ ठिकाणी खरंच अशी सोय करतात, बापांच्या हाताची खाज भागावी म्हणून! झालं. टेबलाच्या एका टोकाला बाप, दुसऱ्या टोकाला लेक आणि मध्ये चहा, पोहे आणि लाकडाचा भुसा.

एसटीची कृती

आता कृती सांगते. नेहमीसारखी साहित्यापासून.

साहित्य : मऊ लाकडाचा ठोकळा, चार चाकं, चार खिळे, खिशातला धारदार चाकू, जाड-मध्यम-बारीक असे तीन पॉलिशपेपर, बारीक कानस, लाकडाचा गोंद, रंग, वजनासाठी नाणी, ग्रॅफाइटची पूड आणि स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा. शिवाय मोठ्या माणसाचा धीर, लागेल तेवढा.

१. चाकू. तिथं तिसरीपासूनच्या कब मुलांना चाकू वापरण्याचे नियम शिकवतात आणि ते पाठ झाले, करून दाखवले, की एक कार्ड देतात. नियम मोडला की कार्डाचा एक कोपरा कापतात. चारी कोपरे गेले की चाकू बंद! नियम आपल्याही घरात लावण्यासारखे आहेत. हात लांब करून गोल फिरायचं. तेवढ्या वर्तुळात कुणी असेल तर चाकू उघडायचा नाही. कापताना पातं आपल्यापासून दूर जायला हवं. दुसऱ्याला देताना मिटून द्यायचा. आणि बोथट चाकू जास्त धोक्याचा, कारण त्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की तो सटकतो. विळीवर भाजी चिरणाऱ्या आपल्याला हे कुणी वेगळं सांगायला नको.

आधी साबणाच्या वडीवर सराव करतात. नातवानं अंगाच्या साबणाचे एक कासव आणि एक काहीतरी (त्याच्या मते हत्ती) कोरले. साबणाचा चुरा मी फेकू दिला नाही. जुन्या मोज्यात भरून तोंड बांधलं, हात धुवायला महिनाभर पुरला.

२. कोरणे. ठोकळ्यावर पेन्सिलीनं आकार काढून घ्या. खालच्या खाचांना हात लावायचा नाही, तिथेच चाकं बसतात. लाकडाच्या रेषा ज्या दिशेनं जातात त्या दिशेनं, पातळ-पातळ ढलपी काढायची. एकदम खोल गेलं की लाकूड चिरतं. नातवानं रोज संध्याकाळी अर्धा तास याप्रमाणे आठ दिवस एसटी कोरली. पुढचा चेहरा गोल केला, टप उतरता केला, खिडक्यांच्या खाचा काढल्या. डावीकडे सहा खिडक्या झाल्या, उजवीकडे पाच. मी मोजल्या आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

३. घासणे. आधी जाड, मग मध्यम, मग बारीक पॉलिशपेपर. लहान मुलाला हे काम कंटाळवाणं वाटतं. त्यावर युक्ती : डोळे मिटून बोट फिरवायला सांगा आणि “कुठे खरखरीत लागतंय?” म्हणून विचारा. खेळ होतो आणि काम होतं.

४. खिळे. खरी शर्यत इथं जिंकतात, आकारात नाही. खिळ्याच्या डोक्याखाली बारीक खडबडीत कंगोरे असतात. ते चाकाला घासतात आणि गाडी मंदावते. कानशीनं ते काढायचे आणि मग अगदी बारीक पॉलिशपेपरनं खिळा चमकेपर्यंत घासायचा. तेल घालायचं नाही. घालायची ती ग्रॅफाइटची कोरडी पूड. आपण पेन्सिलीचं ‘शिसं’ म्हणतो ना, ते शिसं नसतंच, ते ग्रॅफाइट. बोटांना लागल्यावर जे गुळगुळीत लागतं तेच इथं कामाला येतं. खाली कागद अंथरा, नाहीतर टेबलक्लॉथ गेलाच म्हणून समजा.

५. रंग. एकच जाड हात देऊ नका. दोन-तीन पातळ द्या आणि प्रत्येक हात पुरा वाळू द्या. चाकांच्या खाचेत रंग जाऊ नये म्हणून तिथं चिकटपट्टी लावा.

६. वजन. सगळी मिळून गाडी पाच औंसांच्या, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅमच्या वर जाता कामा नये. पण कमीही नको, कारण जड गाडीवर वाऱ्याचा परिणाम त्या मानानं कमी होतो. कोरून-रंगवून एसटी भरली शंभर ग्रॅम. तिथलं पाच सेंटचं नाणं बरोबर पाच ग्रॅमचं असतं. नातवानं बोटांवर हिशोब केला : आठ नाणी, चाळीस ग्रॅम. वर गोंदाला एक ग्रॅम सोडला. पाढे पाठ करून जे झालं नसतं ते एका संध्याकाळी झालं.

वजन मागच्या बाजूला ठेवतात. का? गाडी उतारावर उभी असते तेव्हा तिची शेपूट नाकापेक्षा उंच असते. जितकं वजन उंचावर, तितकं ते जास्त खाली येतं आणि तितका जास्त वेग देतं. पण फार मागे गेलं की पुढची चाकं हलकी होऊन गाडी डुगडुगते. फूटपट्टीच्या धारेवर गाडी आडवी ठेवून तोल बघायचा. मागच्या चाकांच्या पुढे इंच-दीड इंचावर तो साधला की ठीक. आमची नाणी मागच्या टपावर चार-चारच्या दोन थप्प्या करून चिकटवली आणि त्यांवर खाकी कागद गुंडाळला. “आजी, ही टपावरची बोचकी!”

एक ताकीद देते. काही हौशी मंडळी वजनासाठी शिसं वितळवून ओततात. हे शिसं खरं शिसं, पेन्सिलीतलं नव्हे. ते विषारी असतं आणि लहान मुलांच्या मेंदूला फार वाईट. घरात वितळवू नका, मुलांच्या हाती देऊ नका. नाणी किंवा लोखंडी वायसर पुष्कळ झाले.

७. चाल बघणे. चाकं बसवल्यावर गुळगुळीत फरशीवर गाडी हलकेच सोडा. सरळ गेली तर उत्तम. एका बाजूला वळत असेल तर खिळा जरा फिरवून पुन्हा सोडा. चाक आणि गाडी यांच्यामध्ये पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट हवी.

शेवटी नातवानं पुढे पाटी लिहिली, स्वतःच्या हातानं, मराठीत. ‘पुणे–सातरा.’ काना राहिला! बापाचा हात पुढे झाला, माझाही झाला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनी हात मागे घेतले.

शनिवारी सकाळी

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी शर्यत होती. हॉलमध्ये चार पट्ट्यांचा अॅल्युमिनियमचा लांबलचक रस्ता, वरच्या टोकाला उतार आणि पुढे सपाट. एकतीस गाड्या. विमानं होती, पेन्सिली होत्या, एक केळं होतं, एक मगर होती. आणि दहा-बारा गाड्या अशा चकचकीत, की त्या कुणी केल्या हे विचारायची गरज नव्हती. त्यांचे मालक बापाचा हात धरून उभे होते आणि गाडीला हात लावायची त्यांना परवानगी नव्हती. “पडेल, राहू दे!” ही वाक्यं इंग्रजीत ऐकू आली, पण सूर अगदी आपलाच.

आधी तपासणी. वजन, लांबी, रुंदी. आमची एसटी काट्यावर ठेवली आणि ५.० उमटलं. तपासणाऱ्या बाईंनी टपाकडे बोट दाखवून विचारलं, “हे काय आहे?”

माझ्या छातीत धस्स झालं. तेहेतीस वर्षांपूर्वीचाच प्रश्न की हा!

नातू मात्र सुटला. आठ नाणी का, मागेच का, टपावरच का, एसटी म्हणजे काय, तिच्यावर सामान का ठेवतात, पाटीवर काय लिहिलंय, सगळं सांगितलं. मागे रांग खोळंबली. बाई कौतुकानं ऐकत राहिल्या. मी मुलाकडे पाहिलं. तो पलीकडे भिंतीकडे बघत होता. डोळ्यांत काय होतं ते मी सांगत नाही.

मोठ्यांच्या गटात आमच्या चिरंजीवांची पाचर निघाली ५.१ औंस! इंजिनीअर आणि वजन जास्त. खालून वजनाचा लगदा खरवडायला बसले. नातू शेजारी येऊन म्हणाला, “बाबा, पुढचा काढ. मागचा नको काढूस.” आणि बाबानं ऐकलं.

शर्यत सुरू झाली. तीन-साडेतीन सेकंदांचा खेळ! महिनाभराची मेहनत आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपते. प्रत्येक गाडी चारदा धावते, दरवेळी वेगळ्या पट्टीवर, आणि चारी वेळा घेऊन सरासरी काढतात. पहिल्या खेपेला एसटी तिसरी आली. दुसऱ्या खेपेला चौथी, म्हणजे शेवटची. तीही अशी, की बाकीच्या तिघी पोचल्यावर लोकांनी मान वळवून तिची वाट पाहिली.

नातू कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. खांदे हलायला लागले. मी जाऊन शेजारी बसले. तोंडाशी वाक्य आलं होतं, “पुढच्या वर्षी बाबाच करून देतील हं.” किती सोपं होतं! पोर लगेच गप्प झालं असतं. आणि महिनाभराचं सगळं पाण्यात गेलं असतं. मी ते गिळलं. रुमाल दिला आणि नुसती बसून राहिले. रडणाऱ्या मुलाजवळ काही न करता बसणं हे एसटी कोरण्याहून कठीण काम आहे, बरं का.

पाच मिनिटांनी तो स्वतःच म्हणाला, “उजवीकडचं पुढचं चाक घासतंय, आजी. मला ऐकू आलं.” आता गाडीला हात लावायला बंदी होती. एकदा तपासणी झाली की शर्यत संपेपर्यंत गाड्या पंचांकडे राहतात. पण कारण सापडलं आणि रडू थांबलं. पुढली खेप निघाली. गाड्याही निराळ्या, पट्टीही निराळी आणि एसटी पहिली! बोचक्यांसकट! नातवानं इतक्या जोरात ‘घाट संपला!’ म्हणून ओरडून सांगितलं की हॉलमध्ये मराठी न कळणारेही हसले. शेवटल्या खेपेला पुन्हा तिसरी.

एकूण नंबर आला एकोणिसावा, एकतिसांत. बक्षीस नाही. पाचरीला मोठ्यांच्या गटात दुसरं बक्षीस मिळालं. ते तिनं घरी येऊन कुठे ठेवलं, कुणी पाहिलं नाही. एसटी मात्र दिवाणखान्यात टीव्हीखाली उभी आहे आणि येणाऱ्या प्रत्येकाला तिची गोष्ट ऐकावी लागते. उजव्या पुढच्या चाकाजवळ नातवानं पेन्सिलीनं एक खूण करून ठेवली आहे, पुढच्या वर्षी लक्षात राहावं म्हणून. ‘सातरा’तला काना एक दिवस त्याचा त्यानंच दिला.

आपल्या घरी

तुम्ही म्हणाल, इथे कुठून आणायची ती डर्बी? आणायला नकोच. सुताराकडे मऊ लाकडाचा तुकडा मिळतो. फळांच्या पेटीची जाड फळी चालेल, फक्त तिच्यातले खिळे आणि कुसळं आधी मोठ्यांनी काढून टाकावीत. मोडक्या खेळण्याची चाकं घ्या. लांब फळीचं एक टोक पलंगावर टेकवलं की रस्ता झाला. दोन्ही कडांना पट्ट्या ठोका म्हणजे गाड्या बाहेर पडणार नाहीत. मे महिन्याच्या सुटीत चार घरची पोरं जमली की शर्यतच शर्यत. चाकू वापरण्याइतकं मूल मोठं नसेल तर ठोकळा तसाच ठेवून नुसता घासू-रंगवू दे. ट्रक होतो झकास.

लाकूड नसलं तरी गोष्ट तीच. दिवाळीचा किल्ला, शाळेचा प्रकल्प, गणपतीची मखर, राखी. परवाच एक मैत्रीण सांगत होती, मुलीचा ‘जलचक्रा’चा तक्ता करताना तिच्या डोळ्यांना रात्री दोन वाजेपर्यंत झोप नव्हती. मी विचारलं, “आणि मुलगी?” म्हणे, “ती झोपली होती.”

म्हणून आता घरात एक नियम करून टाका. मोठ्यांनी तीनच गोष्टी करायच्या : धोक्याचं असेल ते हातात घ्यायचं, विचारलं तर सांगायचं आणि सामान पुरवायचं. बाकी मुलाचं. वाकडं झालं तर वाकडं. अगदीच हात शिवशिवले तर स्वतःसाठी दुसरा ठोकळा आणावा आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसावं. कुणी “ही टोकं कशाची?” म्हणून विचारलं तर आपल्या पोराला उत्तर देता आलं पाहिजे, एवढं बघा. पहिला नंबर आला नाही तरी चालेल.

माझ्याकडे तो १९९२चा कप अजून आहे. या खेपेला मी तो बॅगेत घालून नेला होता, मुलाला द्यायला. दिला नाही. परत आणला. सध्या त्यात लवंगा ठेवते.

पुढच्या वेळी आंब्याच्या साठांबद्दल बोलू.